सह्याद्रीच्या रानातली खडेमिश्रित माती: खड्डा काढण्यापासून नाव देण्यापर्यंत

डोंगरातली माती पहिल्यांदा तपासायला दिली तेव्हाची गोष्ट. वेल्ह्याकडच्या एका रानातून मी पिशवीभर माती आणून प्रयोगशाळेत दिली. पंधरा दिवसांनी कागद हातात आला: चिकण पोयटा, सामू ५.८, सेंद्रिय कर्ब भरपूर. वाचून वाटावं, इथे आंबेमोहोर लावायला हरकत नाही. प्रत्यक्षात त्या उतारावर पहार वीतभर खाली जाईपर्यंत दोन-तीनदा ठिणगी उडते. चौकशी केली तर उत्तर मिळालं, "खडे होते ते काढून टाकले, चाळणीतून जात नव्हते."

त्यांनी नियमाप्रमाणेच केलं होतं. मातीच्या जवळपास सगळ्या चाचण्या २ मिमीच्या चाळणीतून खाली पडलेल्या बारीक मातीवर होतात. चाळणीवर राहतं ते बाजूला जातं आणि कागदावर त्याची नोंदही राहत नाही. सपाटीवरच्या काळ्या रानात यानं फार बिघडत नाही. डोंगरातल्या मातीत मात्र निम्मा ऐवज चाळणीवरच असतो. म्हणून खडे मोजायचे ते खड्ड्यातच, पिशवी भरण्याआधी. हा लेख मुख्यतः त्यासाठी आहे. नाव कसं द्यायचं तेही पुढे येईल, पण मोजणी चुकली तर नाव चुकणारच.

शाळेच्या भूगोलात 'पर्वतीय मृदा' किंवा 'वनमृदा' असा एक प्रकार शिकवतात. त्यावरून एवढंच कळतं की ती डोंगरात आणि जंगलात असते. सह्याद्रीत एकाच डोंगराच्या माथ्यावर जांभ्याचा तांबडा खडा, मधल्या उतारावर काळ्या दगडाचा तपकिरी मुरूम आणि पायथ्याशी वरून घसरून आलेले गोटे अशा तीन अगदी वेगळ्या माती सापडतात. खालचं सगळं वर्णन मी सह्याद्री डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे.

जागा आणि वेळ

अभयारण्यात किंवा राखीव वनात परवानगीशिवाय खणता येत नाही. कोयना, चांदोली, राधानगरी, कास यांचा तर २०१२पासून जागतिक वारशात समावेश आहे. तिथे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय टिकाव उचलू नका. सुरुवात करणाऱ्यासाठी मालकी रान उत्तम, मालकाला विचारून. घाटरस्त्याची कापणीही चालते, पण दोन गोष्टी सांभाळा: उघड्या पडलेल्या भिंतीचा निदान ३० सेंमी थर खरवडून आतली ताजी माती बघा, आणि रस्ता करताना वर टाकलेला भराव नैसर्गिक थर समजू नका. भरावात डांबराचा तुकडा किंवा प्लॅस्टिक हमखास सापडतं.

जुन्या राबाची जागा, कोळसाभट्टीचं वर्तुळ, वारुळाचा परिसर आणि गुरांची वाट टाळा. राख मिसळली की वरच्या थराचा सामू चढतो, कोळशाने रंग काळवंडतो, आणि तुम्ही तो काळेपणा जंगलाच्या पालापाचोळ्याच्या खाती टाकता. मी हे करून बसलो आहे.

ऑक्टोबर-नोव्हेंबर हा सर्वांत चांगला काळ. पाऊस ओसरलेला असतो, मुरूम अजून ओलसर असतो, पहार चालते. मे महिन्यात तीच जमीन दगड होते. जुलैत खड्ड्याची विहीर होते.

एका डोंगरावर एकच खड्डा काढून समाधान मानू नका. माथा, मधला उतार, पायथा असे तीन तरी हवेत. प्रत्येक जागेचा उतार किती टक्के, तोंड कोणत्या दिशेला, वर कातळकडा आहे का, झाडं कोणती, हे खणण्याआधीच लिहून ठेवा. महाबळेश्वरच्या पठारासारखं अंजनी-जांभूळ-पिसा यांचं दाट रान आणि कारवीने भरलेला उभा उतार यांच्याखाली एकसारखी माती क्वचितच मिळते.

खड्डा

सामान फार लागत नाही: पहार, टिकाव, फावडं, घमेलं, खुरपं, मीटरची टेप, ताणकाटा, दोन बादल्या, मोजमापाचं भांडं, पातळ प्लॅस्टिकचा मोठा कागद, २ मिमीची आणि २० मिमीची चाळणी, पाण्याचा फवारा, भिंग, मुन्सेलची रंगपुस्तिका. उतार मोजायला मोबाइल पुरतो.

इथे ऑगर (माती उपसायचं गिरमिट) नको. गोट्यांच्या जमिनीत तो पहिल्याच मोठ्या दगडावर अडतो आणि वहीत 'खोली ३० सेंमी' अशी नोंद होते. दगडाला वळसा घालून खणलं तर खाली आणखी मीटरभर माती निघते. डोंगरातल्या किती जमिनी अशा नोंदींमुळे कागदावर उथळ झाल्या असतील, देव जाणे.

खड्डा एक मीटर रुंद, दीड मीटर लांब, आणि कातळ लागेपर्यंत किंवा दीड मीटरपर्यंत खोल. वाचायची भिंत डोंगराच्या बाजूची, म्हणजे उताराची वरची. त्या बाजूला कुणी पाय देऊ नये की माती टाकू नये. निघालेली माती दोन वेगळ्या ढिगांत ठेवा, वरची काळसर एकीकडे आणि खालची दुसरीकडे. हे कशासाठी ते शेवटी येईल. खडेमिश्रित भिंत अचानक ढासळते, त्यामुळे डोक्याइतक्या गोट्याखाली बसून नोंदी घेत बसायचं नाही. त्याला आधीच काढून खाली ठेवा आणि कुठून निघाला ते लिहा.

भिंत वाचणं

काळ्या मातीची भिंत पाटीसारखी तासतात. इथे तसं केलं तर प्रत्येक खडा ओढला जातो आणि भिंतीवर भोकं पडतात. खुरप्याच्या टोकाने वरून खाली माती टोकरत या, खडे जागेवर राहू द्या. मग फवारा मारा. पाण्याने चिकणमातीचा लेप निघतो आणि खडे उघडे पडतात. कोरड्या भिंतीवर जे दगड मोजले असतील त्याच्या दीडपट दिसू लागतात.

वरच्या पालापाचोळ्याचे तीन पदर सुटे करून बघा: आख्खी पानं, अर्धी कुजलेली जाळी, आणि पान म्हणून ओळखू न येणारा काळा भुगा. हा सगळा ओ थर. खोली मोजायचा शून्य याच्या खाली, जिथून खनिज माती सुरू होते तिथून. मग ए: गडद, रवाळ, मुळांनी विणलेला. त्याखाली बी, इथे रंग बदलतो आणि मातीचे ठोकळे पडू लागतात. पुढे सी, म्हणजे मुरूम, आणि शेवटी आर, कातळ. या थरांच्या हद्दी डोंगरात सरळ रेषेत नसतात. एका कोपऱ्यात बी ४० सेंमीवर संपतो, दुसऱ्यात ७५वर. दोन्ही आकडे लिहा.

आता एक मूठभर आकाराचा दगड बी थरातून उपटा आणि त्याची खालची बाजू उन्हाकडे धरा. तिथे मेणासारखा गुळगुळीत, किंचित चकाकणारा लेप दिसला तर ती वरून पाण्याबरोबर उतरलेली चिकणमाती. भिंगातून पाहिलं तर लेपात वाहिल्याच्या रेषा दिसतात. दगडावर मुळं चपटी होऊन जाळीसारखी चिकटलेली असतील तर तेही टिपून घ्या. खडेमिश्रित जमिनीत पाणी दगडाच्या कडेने उतरतं, म्हणून मुळं तिथेच गर्दी करतात. हा लेप नावाच्या वेळी निर्णायक ठरणार आहे, त्यामुळे दगड पिशवीत टाका.

खडे जागचे की आलेले

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला स्वतःला इथे सर्वांत जास्त मजा येते.

काळा दगड म्हणजे बेसाल्ट जागच्या जागी झिजतो तेव्हा कांद्यासारखा सोलत जातो. मधे घट्ट गाभा, भोवती पापुद्र्यांवर पापुद्रे, आणि बाहेरचा पदर नखाने निघावा इतका मऊ. असे गाभे खाली मोठे आणि वर लहान होत गेले असतील, तर माती तिथल्याच दगडाची आहे. उलट, भिंतीत धारदार कडांचे दगड वेड्यावाकड्या दिशांना अडकलेले असतील, आणि त्यांच्यात भोकांचा बेसाल्ट, दोन लाव्हाथरांमधल्या गेरूसारख्या तांबड्या थराचे तुकडे आणि जांभ्याचे खडे असं सगळं एकत्र असेल, तर तो ऐवज वरून आला आहे. पायथ्याच्या खड्ड्यांत हे सर्रास दिसतं. अशा आलेल्या मातीखाली कधी कधी जुन्या जमिनीचा गडद पट्टा पुरलेला सापडतो.

आलेली माती खालच्या घट्ट थरावर नुसती टेकलेली असते. दोघांच्या हद्दीवर ओल, झिरपा किंवा करडे-पिवळे ठिपके दिसले तर वहीत ठळक लिहा. पावसाळ्यात पाणी तिथे साचतं आणि उभ्या उतारावर सरकायला तीच हद्द वाट देते. अशा जागी घर किंवा रस्ता होणार असेल तर तुमची ही एक ओळ बाकी सगळ्या वर्णनापेक्षा महत्त्वाची.

खडे मोजणं

आधी आकार. अमेरिकी पद्धतीत, जी आपल्याकडच्या मृदा सर्वेक्षणात वापरतात, २ ते ७५ मिमी म्हणजे खडे, ७५ ते २५० मिमी गोटे, २५० ते ६०० मिमी दगड आणि त्यापुढे धोंडे. मराठी नावं मी सोयीने दिली आहेत. गावात यातल्या कशालाही गोटा म्हणतील, म्हणून वहीत मिमी लिहा.

मग वाटा, आणि तो घनफळाचा, वजनाचा नव्हे. थरात १५ टक्क्यांखाली खडे असतील तर नावात त्यांचा उल्लेख नसतो. १५ ते ३५ म्हणजे खडेमिश्रित, ३५ ते ६० फार खडेमिश्रित, ६० ते ९० अतिशय खडेमिश्रित.

अंदाज घ्यायची सोपी युक्ती म्हणजे अर्धा मीटर चौरसाची लाकडी चौकट. तिच्यावर दहा आडव्या आणि दहा उभ्या दोऱ्या बांधायच्या, म्हणजे शंभर छेदबिंदू मिळतात. चौकट भिंतीला लावा आणि किती बिंदूंमागे खडा आहे ते मोजा. ३८ बिंदूंवर खडा तर ३८ टक्के. नुसत्या नजरेने मोठे दगड जास्त वाटतात आणि सुपारीएवढे खडे निसटतात. चौकट ही चूक बरीच कमी करते.

आकडा पक्का हवा असेल तर खड्ड्याशेजारी, त्या थराच्या माथ्यावर सपाटी करून एक छोटा चौकोनी खळगा काढा आणि निघालेला कणन् कण घमेल्यात गोळा करा. खळग्यात पातळ प्लॅस्टिक अंथरून काठापर्यंत मोजून पाणी ओता. जेवढे लिटर मावले तेवढं खळग्याचं घनफळ. हिशेबासाठी सोपे आकडे घेऊ. खळगा साधारण ३५ बाय ३५ बाय २० सेंमीचा, पाणी मावलं २४.५ लिटर. निघालेला माल चाळून खडे धुतले आणि पुसून तोलले: २२ किलो. काठोकाठ भरलेल्या बादलीत ते बुडवले, तर ८ लिटर पाणी सांडलं. बारीक माती ओली २१.५ किलो भरली. तिचे १०० ग्रॅम भट्टीत १०५ अंशांवर वाळवले तर ८४ ग्रॅम राहिले, म्हणजे एकूण कोरडी माती सुमारे १८ किलो.

आता पाहा. वजनाने खडे ४० किलोत २२, म्हणजे ५५ टक्के. घनफळाने २४.५ लिटरमध्ये ८, म्हणजे ३३ टक्के. दगड जड, माती पोकळ, म्हणून एवढा फरक. पहिला आकडा धरला तर हा थर 'फार खडेमिश्रित', दुसरा धरला तर साधा 'खडेमिश्रित'. आणि खरा दुसरा. कुणी नुसतं '५५ टक्के खडे' असं लिहून दिलं तर आधी विचारा, वजनाने की घनफळाने? उत्तर आलं नाही तर तो आकडा वापरू नका.

याच खळग्यातून बारीक मातीची घनताही फुकटात मिळाली. २४.५मधून ८ गेले, उरले १६.५ लिटर, त्यात १८ किलो माती, म्हणजे दर लिटरला सुमारे १.१ किलो. लोखंडी नळी ठोकून घनता काढायची पद्धत या जमिनीत चालत नाही, नळी वाकते.

ओली चिकणमाती जागेवर २ मिमीतून चाळली जात नाही हे मला ठाऊक आहे. म्हणून रानात फक्त २० मिमीची चाळणी मारा. तिच्यावरचं सगळं तिथेच तोला आणि बुडवा. खाली पडलेल्या मालातले तोललेले तीन-चार किलो घरी न्या, सावलीत वाळवा, लाकडी लाटण्याने ढेकळं हलकेच फोडा, मग बारीक चाळणीतून काढा आणि त्या प्रमाणात हिशेब लावा. लाटण्यावर जोर देऊ नका, नाहीतर मऊ खडे मोडून माती वाढते.

मुरूम मोजायचा का?

इथे गोंधळ होतोच, आणि तो साहजिक आहे. मुरमाचा तुकडा दिसायला दगड, बोटांत धरला की भुगा. नियम असा आहे की घट्ट जुळलेले तुकडेच दगड म्हणून मोजायचे. जे हाताने चुरडतात त्यांची नोंद वेगळ्या रकान्यात. वाळवलेला तुकडा तासभर पाण्यात भिजवा. विरघळला तर ती माती. दोन बोटांत किंवा दोन्ही हातांनी मोडला तर मऊ मुरूम. हातोडी लागली तर तो खडा.

जांभ्याच्या रानात आणखी एक पेच येतो. तिथले वाटाण्याएवढे तांबूस-काळे, कडक गोळे दगड फुटून झालेले नसतात. लोह साचत जाऊन ते मातीतच तयार झालेले असतात. मधोमध फोडून बघा, आत एकावर एक वलयं दिसतात. त्यांचाही वाटा वेगळा लिहा, कारण जागतिक वर्गीकरणात (वर्ल्ड रेफरन्स बेस) असे गोळे ४० टक्के आणि थर १५ सेंमीचा झाला की त्या थराला स्वतंत्र नाव मिळतं.

तळाशीही हाच प्रश्न. पहार 'ठण' वाजून उसळली तर कातळ. 'धप' करून रुतली आणि ढेकूळ घेऊन आली तर मुरूम. कातळ ५० सेंमीच्या आत लागला तर नावात 'लिथिक' येतं. मुरूम लागला तर येत नाही, कारण तो कातळासारखा घट्ट नसतो, फावड्याने खणता येतो.

रंग, पोत, घडण

यावर पुस्तकं भरपूर आहेत, मी भरभर जातो. रंग ओल्या ढेकळाचा आणि कोरड्याचा, दोन्ही बघा, आणि तेही सावलीत नव्हे, सरळ उन्हात. मुन्सेलमध्ये रंगछटा, उजळपणा आणि तीव्रता असे तीन आकडे मिळतात. ए थराचा ओला उजळपणा आणि तीव्रता दोन्ही ३ किंवा कमी असतील तर त्याखाली रेघ मारा.

पोत बघताना खडे आधी वेचून काढा. ओली माती अंगठ्याने दाबत पट्टी काढा: अडीच सेंमीच्या आत तुटली तर पोयटा, पाचपर्यंत गेली तर चिकण पोयटा, त्यापुढे चिकणमाती. जांभ्याच्या तांबड्या मातीला मात्र निदान पाच मिनिटं मळा. लोहाने बांधलेले चिकणमातीचे बारीक गोळे आधी वाळूसारखे करकरतात, मळत गेलं की लोण्यासारखे होतात. घाईत ती माती वाळूमिश्रित ठरते.

घडणीत ए रवाळ आहे का, बीमध्ये ठोकळे पडतात का, आणि मूळ दगडाची ठेवण निम्म्याहून जास्त भागात पुसली गेली आहे का, एवढं नक्की ठरवा.

प्रयोगशाळेकडून काय मागायचं

मृदा आरोग्यपत्रिकेचे १२ घटक शेतकऱ्यासाठी आहेत. वर्गीकरणाला ते पुरत नाहीत. प्रत्येक थरासाठी वेगळी मागणी करा: वाळू-गाळ-चिकणमातीचे टक्के, सेंद्रिय कर्ब, सामू, कॅटायन विनिमय क्षमता आणि बेस सॅच्युरेशन. शेवटचं म्हणजे मातीच्या कणांवर धन आयन धरायच्या जितक्या जागा आहेत, त्यांतल्या किती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि सोडियम यांनी अडवल्या आहेत त्याचा वाटा. ते कोणत्या पद्धतीने काढलं हेही लिहून घ्या. अमोनियम ॲसिटेटने एक आकडा येतो, सगळ्या आयनांच्या बेरजेने दुसरा, आणि नियमांत दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणी लागतात. पिशवीवर थर, खोली आणि तुम्ही मोजलेला खड्यांचा वाटा लिहा. तो अहवालात उतरवा असं तोंडीही सांगा.

नाव देणं

नागपूरची राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था अमेरिकी मृदा-वर्गीकरण वापरते, म्हणून तेच घेऊ. त्यात १२ गण आहेत आणि त्यांची चावी ठरलेल्या क्रमाने चालवायची असते. सह्याद्रीच्या रानात प्रत्यक्षात पाचच प्रश्न पुरतात, पण क्रम मोडायचा नाही.

एक: बी थरात वरच्या थरापेक्षा चिकणमाती पुरेशी वाढली आहे का? वरती १५ ते ४० टक्के असेल तर खाली निदान १.२ पट हवी, आणि दगडाखालचा तो चकाकता लेप हवा. दोन्ही असतील आणि खोलवर बेरजेच्या पद्धतीने बेस सॅच्युरेशन ३५ टक्क्यांहून कमी असेल, तर अल्टिसॉल. दोन: तसं नसेल, पण वरचा थर गडद, मऊ, बहुधा १८ ते २५ सेंमी जाड, सेंद्रिय कर्ब ०.६ टक्क्यांहून जास्त आणि अमोनियम ॲसिटेटने बेस सॅच्युरेशन खालपर्यंत ५० टक्के किंवा जास्त असेल, तर मॉलिसॉल. तीन: गडद थर नाही, पण चिकणमाती उतरलेली आहे, तर अल्फिसॉल. चार: लेप नाही, पण बीमध्ये ठोकळे पडलेत आणि दगडाची ठेवण पुसली आहे, तर इन्सेप्टिसॉल. पाच: यातलं काहीच नाही, पाल्याखाली थोडी माती आणि लगेच मुरूम किंवा कातळ, तर एन्टिसॉल.

दोन ठिकाणी पाय घसरतो. जांभा दिसला की ऑक्सिसॉल, म्हणजे उष्ण प्रदेशातल्या अतिशय झिजलेल्या मातीचा गण, लिहायचा मोह होतो. जांभा हा दगड आहे, १८०७मध्ये फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश सर्वेक्षकाने केरळातल्या जांभ्याला लॅटराइट हे नाव दिलं. ऑक्सिसॉल ठरवायला मात्र चिकणमातीची विनिमय क्षमता तपासावी लागते, नुसता तांबडा रंग पुरत नाही. दुसरं म्हणजे, पाच हजार मिमी पावसात सगळे क्षार धुऊन गेलेच असणार असं गृहीत धरून बेस सॅच्युरेशन न तपासणं. आपल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, झिओलाइटचे. ते झिजताना मातीला कॅल्शियम पुरवत राहतात, आणि म्हणून सह्याद्रीच्या एवढ्या पावसातही जंगलाखाली मॉलिसॉल टिकून आहेत. नागपूरच्या शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं तेव्हा बऱ्याच जणांच्या भुवया उंचावल्या होत्या, कारण मॉलिसॉल म्हटलं की डोळ्यांपुढे थंड प्रदेशातली गवताळ मैदानं येतात.

पाऊस एवढा असूनही इथली माती बहुधा 'अस्टिक' ओलाव्याच्या गटात बसते, कारण पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि वर्षात एकूण ९० दिवसांहून जास्त काळ मुळांचा थर कोरडा असतो. नावातला 'उस्ट' हा तुकडा (खालच्या 'हॅप्लुस्टेप्ट'मधला) तिथून येतो.

खडे येतात ते नावाच्या शेवटच्या पायरीवर, कुळात. तिथे ठरावीक खोलीचा पट्टा बघतात: चिकणमातीचा उतरलेला थर नसेल तर २५ ते १०० सेंमी, असेल तर त्या थराचे वरचे ५० सेंमी. या पट्ट्यात खड्यांची सरासरी ३५ टक्के किंवा जास्त भरली तर माती 'स्केलेटल'. समजा लेप नसलेल्या खड्ड्यात २५ सेंमीपर्यंत २० टक्के खडे, ५०पर्यंत ३३ आणि १००पर्यंत ४८ आहेत. पट्ट्याची सरासरी (२५ × ३३ + ५० × ४८) ÷ ७५, म्हणजे ४३. स्केलेटल झाली. पोयट्याची असेल तर पूर्ण नाव काहीसं असं होईल: लोमी-स्केलेटल, मिक्स्ड, सुपरॲक्टिव्ह, आयसोहायपरथर्मिक टिपिक हॅप्लुस्टेप्ट. शेवटून वाचत या: इन्सेप्टिसॉल, अस्टिक ओलावा, साधा नमुना, वर्षभर उबदार आणि उन्हाळा-हिवाळ्यात फारसा फरक नसलेली माती, मिश्र खनिजं, आणि निम्म्याजवळ खडे. मिक्स्ड आणि सुपरॲक्टिव्ह हे शब्द खनिजांच्या आणि विनिमय क्षमतेच्या चाचणीवरून येतात, अंदाजाने लिहायचे नसतात.

हाच खड्डा जागतिक पद्धतीत घातला तर गंमत होते. तिथे 'स्केलेटिक' म्हणायला पृष्ठभागापासून १०० सेंमीपर्यंतची सरासरी ४० टक्के लागते. वरचे २५ सेंमी धरले की आपली सरासरी ३७वर येते आणि बिरुद हुकतं. दोन्ही नावं बरोबर आहेत. अहवालात पद्धत कोणती ते लिहा, म्हणजे वाचणारा गोंधळत नाही. जागतिक पद्धतीत कातळ २५ सेंमीच्या आत असेल, किंवा ७५ सेंमीपर्यंत बारीक माती २० टक्क्यांहून कमी असेल, तर ती लेप्टोसॉल. सह्याद्रीच्या कड्यांखालचे दगडांचे पसारे यात सहज बसतात.

या आकड्यांचं करायचं काय

रोपं लावणाऱ्याला पहिला उपयोग पाण्याचा. बारीक माती मीटरभर खोलीत झाडाला मिळेल असं १५० मिमी पाणी धरते असं माना. सरासरी ३७ टक्के खडे असतील तर हिशेब १५० × ०.६३, म्हणजे ९४ मिमी. पाऊस संपल्यावर रोपाची पुंजी एवढीच. कागदावरच्या 'चिकण पोयटा' या शब्दावर विसंबलात तर दीडपट धराल आणि फेब्रुवारीत रोपं वाळली की रोपवाटिकेला दोष द्याल. मऊ मुरूम आणि सच्छिद्र जांभा स्वतःही थोडं पाणी धरतात, तेवढी उजवी बाजू.

कर्बाच्या हिशेबात चूक महागात पडते, कारण आता त्यावर पैसे ठरू लागले आहेत. कर्बाचे टक्के × घनता × खोली सेंमीत, असं केलं की हेक्टरी टन मिळतात. ३ टक्के कर्ब, १.१ घनता, ३० सेंमी: ९९ टन. पण या ३० सेंमीत २२ टक्के जागा खड्यांची आहे. ती वजा केली की ७७ टन राहतात. बावीस टन नुसत्या दगडांत होते.

खड्डा बुजवणं

खालच्या मातीचा ढीग आधी ढकला, मोठे गोटे तळाशी, दर वीतभर भरलं की पायाने दाबत. वरची काळसर माती सर्वांत शेवटी, आणि तिच्यावर बाजूला काढून ठेवलेला पालापाचोळा. खणलेली माती फुगते, त्यामुळे सगळी भरूनही घमेलं-दोन घमेली उरतात. ती झाडीत फेकू नका, खड्ड्यावरच उंचवटा करून ठेवा. पहिल्या पावसात तो बसतो. खड्ड्याचा उताराकडचा काठ हाताएवढ्या दगडांनी बांधून घ्या, नाहीतर जूनमधलं पाणी सैल मातीतून घळ पाडून जाईल आणि पुढच्या वर्षी मालक तुम्हाला रानात घेणार नाही.